मागाल तेव्हा सावली

सावली बँकेचं पत्र सकाळी अकराला आलं आणि अर्थ मंत्रालयातल्या वृंदा पोटदुखेंचा चहा तसाच निवला. ऊन अडवायला आकाशात टांगलेल्या आपल्या छत्रांपैकी दहावा हिस्सा प्रत्येक सरकारनं या जागतिक बँकेला आधीच दिलेला असे. उरलेल्याची नुसती लेखी हमी, मागाल तेव्हा देऊ. साठ वर्षांत बँकेनं मागितलं नव्हतं. आता सौरवादळात तिची निम्मी छत्रं फाटली होती आणि तिनं मागितलं होतं.

मागणी आल्यास कुणाची सावली द्यायची, ती गावं हमीच्या यादीत लिहावी लागत. नोकरीच्या पहिल्या वर्षी वृंदानं, कोण मागतंय म्हणून, स्वतःचं बल्लारपूरच लिहून टाकलं होतं.

"चारपर्यंत नाव बदलता येतं, मॅडम," सहायक कुळसंगे म्हणाले. "दुसरं घाला की एखादं."

तिनं नकाशा उघडला. जळगाव, अकोला, परभणी. प्रत्येक गावात कुणाची तरी आत्या पत्र्याखाली राहत असणार. तिनं नकाशा मिटला, सही केली आणि बल्लारपूरला फोन लावला.

"आत्याबाई, उद्यापासून चाळीस दिवस दुपारी बाहेर पडू नका. आपली सावली जातेय."

"काहून? कोणी नेली?"

"मीच दिली. बुर्किना फासोला. तिथले दवाखाने उन्हात पडलेत."



"म्हणजे आम्ही भाजून निघतो म्हण की," आत्याबाई म्हणाल्या. "बरं, नाव पुन्हा सांग त्या देशाचं. बाया विचारतील, कोणाकडे गेली म्हणून. नीट सांगता आलं पाहिजे."

वृंदानं सांगितलं. आत्याबाईंनी ते तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.