गाठोडं

तिसऱ्यांदाही तीच ओळ आली. अशी फाइल अस्तित्वात नाही.

तिनं आज्ञा बदलून पाहिली. परवानग्या तपासल्या, दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडवून पाहिलं. टार या आज्ञेनं बांधलेलं फाइलींचं गाठोडं विनातक्रार सुटत होतं. बाबांच्या आठवणींची प्रकरणं ओळीनं दिसत होती: नदीकाठची शाळा, पहिली नोकरी, तुझी आई. उघडायला गेलं की तीच ओळ.

"आकार बघ आधी," शेजारच्या टेबलावरचा सहकारी मागून डोकावला. "माणसानं अख्खं आयुष्य लिहिलं आणि भरतंय वाणसामानाच्या यादीएवढं? बाई, तू घरातलं सामान बांधलंच नाहीस. दारावरच्या पाट्या तेवढ्या बांधल्यास."

ती हसली नाही. तिला आता सगळं लख्ख आठवलं होतं.

बाबांचा विसराळूपणा सुरू झाला तेव्हा ते कधी काय पुसतील याचा नेम नव्हता. म्हणून खऱ्या फाइली तिनं संगणकाच्या पोटात खोल ठेवल्या आणि त्यांच्यासमोर त्या फाइलींकडे बोट दाखवणारे नुसते दुवे मांडले. हात चुकला तरी पुसला जाईल तो दुवा. आपल्या हुशारीवर ती तेव्हा खूश होती. पुढे जुना संगणक मोडीत द्यायचा ठरला आणि तिनं समोरचाच फोल्डर बांधला. दुव्याच्या मागे जाऊन खरी वस्तू उचल, हे टारला मुद्दाम सांगावं लागतं. ते राहिलं. मग तिनं जुनी डिस्क निगुतीनं पुसली. कुणाच्या हाती काही लागू नये अशी.

सोडवून, उघडून बघितल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका, असं ती कामावर सगळ्यांना बजावायची. स्वतः तिनं नावं तेवढी पाहिली होती.

वाचायचंही तसंच राहून गेलं होतं. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. बाबा कधी बोलले नाहीत, लिहिलं मात्र. "वाचलंस का गं?" ते विचारायचे. "रविवारी नक्की," ती म्हणायची.

ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. कबुली नंतर द्यायची, आधी ऐकून घ्यायचं, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून तिनं तो त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, आईबद्दल सांगा ना. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्यांनी आठवून पाहिलं. कपाळ आक्रसलं, बराच वेळ तसंच राहिलं, मग सैल झालं.

"नाही गं. आता चेहरासुद्धा नीट येत नाही डोळ्यांपुढे." ते शांत होते, जवळजवळ आनंदी. "पण काळजी वाटत नाही. आठवत होतं तोवर सगळं लिहून काढलं."

त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

"ये, बस. तूच वाचून दाखव मला."