तिसऱ्या विमानाचं शेपूट

"हा हॅक्सबरोचा हवाई तळ नव्हेच," डेसमंड प्रिडी भिंग उचलण्याआधीच म्हणाले.

टेबलापलीकडे हिल्डा स्टॅमर हातमोजे न काढता बसल्या होत्या. फोटो पत्त्याएवढा होता. गवतावर ओळीने उभी चार बॉम्बफेकी विमानं आणि तिसऱ्याच्या शेपटीवर हात ठेवलेला एक टोपीवाला. मागे फक्त तारीख: १२ ऑक्टोबर १९४०.

"हे माझे वडील," त्या म्हणाल्या. "हवाई दलात होते. यानंतर दोनच दिवसांनी गेले. विमानं तर दिसतायत, म्हणजे तळावरच असणार ना?"

गावच्या स्मारकशिळेवर युद्धात कामी आलेल्यांची एकतीस नावं कोरली जाणार होती. बत्तिसाव्यासाठी आलेला त्यांचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता आणि दोन्ही वेळी कारण तेच होतं: १४ ऑक्टोबरच्या हल्ल्याच्या रात्री जॉर्ज स्टॅमर तळावर हजर नव्हता. शिळा सोमवारी पाथरवटाकडे जायची होती. अखेरचा शब्द समितीच्या इतिहासतज्ज्ञाचा, आणि लिंकनशरच्या त्या कोपऱ्यात इतिहासतज्ज्ञ म्हणजे प्रिडी. एकोणतीस विमानतळांवरचा त्यांचा ग्रंथ बावीस वर्षांत तीनदा छापला गेला होता. पत्र्याच्या छपराच्या उतारावरून ते तळ ओळखत आणि चाकाच्या झाकणावरून विमानाचा कारखाना. ते चुकल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, कारण तपासणारेही तेच होते.

"वैमानिक होते का वडील?"

"सुतार."

"असो. हवाई दलालाही खुर्च्या लागतातच."

"डेसमंड, खुर्च्यांचं राहू दे, बिस्किटं इकडे सरकव," खिडकीपाशी टाइपरायटर घेऊन बसलेले रॅल्फ म्हणाले. ते गावचे टपालमास्तर आणि समितीचे चिटणीस होते. "बाईंचा चहा गार झाला."

प्रिडींनी भिंग फोटोवर टेकवलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"रॅल्फ, इकडे ये. चाकांखालचं गवत बघ. ताठ उभं आहे. दहा टनांचं विमान असतं तर गवत चिरडलं गेलं नसतं? तेलाचा एक डाग नाही. चाकोरी नाही. चारही विमानांचे पंखे एकाच कोनात थांबलेत. आणि पंखाची सावली मध्येच झोळीसारखी लोंबतेय, म्हणजे धातू नव्हे, ताणलेलं कापड."

"म्हणजे?" हिल्डाबाईंनी विचारलं.

"म्हणजे लाकूड आणि कापड, बाई. खोटी विमानं. या तिसऱ्याच्या शेपटीवरचे पट्टे तर चक्क उलट्या क्रमाने आहेत. हवाई दलात असली चूक कोणी करत नाही. एखाद्या पोराने रंगवल्यासारखं दिसतंय."

हिल्डाबाईंनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मग ही जागा कुठली?"

हाच प्रश्न प्रिडींना हवा होता. त्यांनी नकाशा पसरला. "चर्चचा मनोरा पवनचक्कीच्या बरोब्बर मागे दडलाय. असं दृश्य एकाच ठिकाणाहून दिसतं. हॅक्सबरोच्या आग्नेयेला दोन मैल, सायक्सचं कुरण. हा फसवा तळ होता! दिवसा लाकडी विमानं, रात्री खोटे दिवे, आणि शत्रूचे बॉम्ब स्वतःवर ओढून घ्यायचे. तिथल्या माणसांकडून शपथ घेतलेली असे, बाहेर अवाक्षर काढायचं नाही. खऱ्या तळाच्या हजेरीपटातूनही त्यांची नावं उडवलेली असत. जिल्ह्यातले असे अकरा मी शोधले. हा बारावा, आणि आजवर कोणालाही ठाऊक नसलेला!"

"म्हणजे वडील खऱ्या तळावर नव्हतेच."

"नव्हते. माफ करा, पण पुरावा भावना बघत नाही."

"अगदी नक्की?"

"बाई, चाळीस वर्षं मी हेच करतोय."

"मग तेवढं लिहून द्याल?" त्यांचा आवाज खाली गेला. "पुन्हा पुन्हा यायला नको. वडील बारा तारखेला कुठे काम करत होते, ती जागा कसली होती, तिथल्या माणसांची नावं हजेरीत का नसत. सगळंच."

प्रिडींनी आनंदाने मजकूर सांगितला. रॅल्फनी तीन प्रती काढल्या. प्रिडींनी तिन्हींवर सही केली, आपली पदवीही लिहिली. रॅल्फनी शिक्का उठवून एक प्रत समितीच्या फायलीत लावली आणि एक हिल्डाबाईंच्या हाती दिली.

बाईंनी पिशवीतून प्रिडींचा ग्रंथ काढला. त्यात लोकरीचा एक धागा खूण म्हणून घातलेला होता.

"याच्यावरही सही हवी का?" प्रिडींनी पेन पुन्हा उघडलं.

"नको. पान दोनशे बाराची तळटीप आहे." त्या वाचू लागल्या. "'१४ ऑक्टोबरच्या रात्री नेम हुकलेले अकरा बॉम्ब सायक्सच्या कुरणात पडले. तिथे लष्कराचं काहीही नव्हतं. जागा सोडून पळालेला एक शिपाई त्यांखाली सापडला. हॅक्सबरोच्या तळाला ओरखडाही उठला नाही.'"

प्रिडींनी पेनाचं टोपण लावलं.

रॅल्फनी यंत्रात कोरा कागद सरकवला. "बत्तिसावं नाव, बाई. पूर्ण कसं लिहायचं?"

"जॉर्ज ॲम्ब्रोज स्टॅमर."

"ती लाकडाची आहेत," प्रिडी फोटोकडे बघत म्हणाले, "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या तिसऱ्या शेपटीचं कापड आमच्या स्वयंपाकघरात रंगलं, मिस्टर प्रिडी. मी सात वर्षांची होते, पट्टे मीच उलटे काढले." हिल्डाबाईंनी फोटो पिशवीत ठेवला. "कोणाला सांगायचं नाही, असं वडिलांनी माझ्याकडूनही वचन घेतलं होतं. मी आजही ते मोडलेलं नाही. सांगितलंत ते तुम्ही."