कोपऱ्यातली सही

"फुकटात कोण शिकवतं गं?" दिगंबर पेंटर कुरकुरले. ते स्वतः उस्तादाचे ब्रश धुऊन अक्षर शिकले होते. फ्लेक्स आले, रंगवलेल्या पाट्या गेल्या, तेव्हापासून कॉम्प्युटरचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरे. आणि लेक त्यावरच विद्यापीठाचा वेब डिझाइनचा मोफत कोर्स करत बसलेली.

आज हेमांगीने मोबाइल पुढे धरला. "अण्णा, कोर्ससाठी केलेली पहिली वेबसाइट. चौकातल्या मिठाईवाल्यांची."

त्यांनी चष्मा चढवला. खोट काढायचीच होती. अक्षरांतलं अंतर नेमकं, रंग शांत. शेवटी सापडली. "सही कुठाय? पाटी रंगवली की कोपऱ्यात नाव टाकायचं असतं."

"खाली सरकवा."

उजव्या कोपऱ्यात त्यांच्याच वळणात लिहिलं होतं, ‘दिगू आर्ट्स’. रंग वाळलाय का बघायच्या जुन्या सवयीनं त्यांनी नावाला हळूच बोट लावलं, तर नवं पान उघडलं. गावातल्या त्यांच्या साऱ्या पाट्या तिथे रांगेत उभ्या होत्या. फ्लेक्समागे झाकल्या गेलेल्यासुद्धा, तिने फ्लेक्स उचलून फोटोत टिपलेल्या.

मोबाइल तिच्या हाती देत ते म्हणाले, "पुढची पाटी कुणाची? अक्षर मी काढून देतो."