डांझिगची गोष्ट

समाजवादी पक्ष फुटला, त्यानंतरचा उन्हाळा. गावचं तळं बाहेरच्या ठेकेदाराच्या घशात चाललं होतं, म्हणून मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांनी जिल्ह्याच्या ठिकाणी, चांद्याला मोर्चा न्यायचं ठरवलं. त्यांचे जुने समाजवादी पुढारी बापूजी, त्यांनी ठणकावलं, "तो फुटीर खुशाल येत असन, त मी नाई येत." खुशाल म्हणजे त्यांचा वीस वर्षांचा जोडीदार, आता दुसऱ्या गटात गेलेला.

संध्याकाळी बापूजींनी ढिवरमोहल्ल्यात अभ्यासवर्ग घेतला. विषय होता डांझिग, दूर समुद्रकाठचं एक शहर, जे स्वतःच एक राज्य होतं. तिथं कामगारांचे दोन पक्ष होते. हिटलरची माणसं दारात आली, तरी दोघं एकमेकांनाच गद्दार म्हणत राहिले. शेवटी बंदी आली ती दोघांवरही.

"अरे, जाळं दोन्ही काठांवरून संगच ओढा लागते! येवढं बी त्याईले समजलं नाई..." डोळे पुसत बापूजी खाली बसले.

वर्गाला आलेल्या शकुबाईनं त्यांच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला.

"भाऊ, काल वरच्या मोहल्ल्यात खुशालभाऊ बी हेच सांगून राह्यले होते. थे बी इथपर्यंतच आले, अन् रडले."