किल्ली ऑटोवर

तैवानमधल्या ताइचुंगच्या त्या कारखान्यात धातू कातायच्या लेथ यंत्राला मोड बदलायची किल्ली होती. ऑटोवर यंत्राचं दार लावल्याशिवाय यंत्र फिरायचंच नाही. सेटिंगवर उघड्या दारानंही फिरायचं. घाईपोटी मालक किल्ली सेटिंगवरच ठेवायला लावायचा. तशाच एका दुपारी तिथल्या म्हाताऱ्या कामगाराच्या, चुआंगच्या, बायकोची बाही लेथच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये, अडकली आणि ती जागच्या जागी गेली. आज तिच्या जागी नवी बाई उभी होती. यंत्र बिघडू नये म्हणून मालकानं तिथल्या रिवाजाप्रमाणं त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. "आता यंत्र गुणानं वागेल. चुआंग, किल्ली सेटिंगवरच राहू दे." "पाकीट त्या दिवशीही होतं, मालक." "म्हातारपणी वाचा फुटली वाटतं तुला! संध्याकाळी माल जायचाय." चुआंगनं किल्ली ऑटोवर फिरवली आणि पक्कडीनं पिळून कुलपातच मोडली. "अरे गाढवा! आता उघड्या दारानं यंत्र चालणार कसं?" "नाहीच चालणार," म्हणत चुआंगनं नव्या बाईला आधी दार लावायला शिकवलं.