काठीची जागा

काठी कोरडी होती. टोकाला बांधलेला लाल लोकरीचा धागा वाऱ्यावर फडफडत होता. पण काठीशेजारचा, बेडकाच्या पाठीसारखा दिसणारा दगड कुठे दिसत नव्हता.

मार्नी हातात डबा घेऊन काठावर थांबली. सकाळी काठी तिनेच रोवली होती. त्या दगडाला टेकवून, पाण्यापासून वीतभर वर. मोंटानातल्या या नदीत जूनमध्ये उतरायचं तर आधी काठी. दिवसभर उन्हाने डोंगरावरचा बर्फ वितळत राहतो आणि दुपार कलली की ते पाणी खाली पोचतं. काठी भिजली की बाहेर यायचं. गळाला मासा असला तरी बाहेर. आजीने हा नियम तिच्याकडून पाठच करून घेतला होता.

आणि ती आजी, व्हर्ना, आत्ता पलीकडच्या गोट्यांच्या बेटावर उभी होती. जेवण झाल्याबरोबर तिने मार्नीला वर रस्त्यावर पिटाळलं होतं, पिकअपमधून गळाला लावायच्या नकली माश्यांचा डबा आणायला. डबा येईपर्यंतही तिला धीर निघाला नव्हता. नदीचा मधला फाटा ओलांडून ती गेलीसुद्धा. सकाळी तो फाटा गुडघाभर होता.

बेटाच्या टोकाला वाळुंजाची झुडपं पाण्यावर ओणवली होती. नारिंगी पोटाच्या, बोटाएवढ्या माश्या त्यांच्या फांद्यांवरून टपटप पाण्यात पडत होत्या. वर्षातून मोजके दिवस या माश्या निघतात आणि निघतात त्याही नेमक्या पुरात. त्यांच्यासाठी मोठे ट्राउट मासे तळ सोडून वर येतात. त्यांच्यासाठी माणसंही नको तिथे जातात.

"आजी! पाणी चढलंय!"

"काठी बघ, काठी!" व्हर्नाने मागे न बघताच ओरडून सांगितलं. "कोरडी आहे ना?"

"आहे, पण..."

"मग ओरडून माझा मासा पळवू नकोस!"

मार्नीने पाण्याकडे पाहिलं. सकाळी ते कोऱ्या कॉफीसारखं होतं, आता त्यात कुणी दूध ओतल्यासारखं झालं होतं. काठापासून थोडं आत एके ठिकाणी पाणी फुगून वर येत होतं आणि पुढे घसरत होतं. त्या फुगवट्याखाली काय आहे ते तिला कळलं. बेडूकदगड हलला नव्हता. काठी हलली होती.

सकाळपासून नदीवर दोघींशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"आजी, दगड बुडालाय! माझा दगड!"

व्हर्नाचे खांदे एकदम ताठ झाले. तिने ऐकलं होतं. पण त्याच क्षणी वाळुंजाखाली पाणी फुटलं, तिच्या गळाचा रॉड कमानीसारखा वाकला आणि दोरी सूं करत फिरकीवरून सुटली.

"आला! मार्नी, आला गं! काय धूड आहे!"

"बाहेर ये!"

"दोन मिनिटं!"

मुळांसकट उपटलेलं एक झुडूप फाट्यातून गरगरत गेलं. मार्नीने आणखी एकदा हाक मारली, पण ती पाण्याच्या आवाजात बुडाली. मग तिने हाका मारणं सोडलं. डबा खाली ठेवला, मासा उचलायची लांब दांड्याची जाळी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी काठी उपटली. पाण्यात पाय टाकला. थंडीने पोटऱ्या आवळल्या. पायाने चाचपत तिने बेडूकदगड शोधला, त्याला टेकवून काठी पुन्हा रोवली आणि अंगाचा भार टाकून खोल दाबली.

पाणी काठीच्या निम्म्यावर आलं. मार्नीच्या गुडघ्यांच्या वर.

ती तिथेच काठी धरून उभी राहिली.

माशाने दिशा बदलली म्हणून व्हर्ना वळली. तिने नातीला पाहिलं. काठी पाहिली. काठी कुठे आहे, तेही पाहिलं.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने रॉड खाली आणून माशाकडे सरळ रोखला आणि दोरी मुठीत घट्ट पकडली. क्षणभर ती तारेसारखी ताणली, मग तटकन तुटली. मासा सुटला.

"मागे हो! काठावर जा!"

"आधी तू ये!"

व्हर्ना फाट्यात उतरली. तोंड प्रवाहाकडे, आडवी, खेकड्यासारखी. एक पाय घट्ट रोवायचा, मगच दुसरा उचलायचा. पाणी तिच्या रबरी विजारीच्या पट्ट्यापर्यंत आलं, पट्ट्याच्या वर गेलं. मध्यावर तिचा पाय घसरला. ती कुशीवर गेली, टोपी वाहून गेली. मार्नीने एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने जाळी लांबवली. व्हर्नाची बोटं जाळीच्या कडेला लागली, सुटली, पुन्हा लागली.

"सोडू नकोस."

"तूच सोडू नकोस!"

दोघी गुडघ्यांवर रांगत गोट्यांवर आल्या. व्हर्नाच्या पिकल्या केसांतून पाणी टपकत होतं. तिचे दात वाजत होते.

"मोठा होता गं," ती म्हणाली.

मार्नी नदीकडे बघत होती. काठी आता दिसत नव्हती. लाल धागा तेवढा पाण्यावर सरळ ताणलेला होता. मग तोही आत गेला.

व्हर्नानेही ते पाहिलं. तिने नातीचा गार पाय मांडीवर ओढून घेतला आणि चोळायला लागली. पायाकडेच बघत म्हणाली,

"उद्या काठी नको. मला हलवता येणार नाही, असा एखादा दगड बघून ठेव."