तुमचं कोण आहे आत?

"तुमचं कोण आहे आत?" असं विचारत सिस्टर शेजारच्या खुर्चीवर बसलीसुद्धा.

रुग्णालयाचा हिशेबनीस गडबडला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या त्या खोलीत तो सकाळपासून ओळख न सांगता बसला होता. नातेवाइकांशी नुसतं बोलायला एक अख्खी नर्स पोसायची का, एवढंच त्याला वरच्या मजल्यावर व्यवस्थापकांना कळवायचं होतं. उत्तर तो घरूनच घेऊन आला होता. इंजेक्शनचं बिल होतं, सलाइनचं होतं. धीराची पावती कुणी फाडलीय? तरी माल पारखल्याशिवाय मोडीत काढू नये, म्हणून त्याने ठोकून दिलं, "वडील."

आता ही 'सगळं ठीक होईल' म्हणणार, असं त्याला वाटलं. तिने विचारलं, "स्वभावाने कसे?"

"चिक्कू. एक दिवा जास्त जळला तरी घर डोक्यावर घ्यायचे."

"मग या नळ्या बघून काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, गाढवांनो, हे मीटर बंद करा आणि मला घरी न्या."

थाप मारता मारता तो खरंच बोलून गेला होता. वडील असेच गेले होते, अशाच एका दाराआड, कितीतरी वर्षांपूर्वी. आशा नाही, हे डॉक्टर सांगून चुकले होते. पण 'बंद करा' म्हणायचं कुणी? हा थोरला, हा म्हणे धाकट्याने बोलावं, धाकटा म्हणे थोरल्याने. दोघे तोंडाला कुलूप लावून बसले आणि यंत्र चालत राहिलं. बिलात दुकान गेलं. पुढे 'तुझ्यामुळे, तुझ्यामुळे' करत भाऊही गेला. म्हणजे आहे जिवंत, चार गल्ल्या सोडून.

"आम्हाला हे कुणी विचारलंच नाही हो," तो म्हणाला.

"आम्हाला म्हणजे?"

"मी आणि धाकटा भाऊ."

"मग त्यालाही घेऊन या. उशीर झाला असला तरी चालेल. दोघांनी एकत्र बसून बोललं की ओझं वाटून जातं."

हिशेबनिसाने नाक पुसलं. "उद्या आणतो. तुम्ही असाल ना उद्या?"

सिस्टर उठली. आत आज सगळ्या बेडवर बायकाच होत्या, हे तिला खुर्चीवर बसायच्या आधीपासून माहीत होतं.

"ते तुम्ही वर काय सांगता त्यावर आहे, साहेब."